आठवणीतले गाव, दप्तरातले गाव

ऑक्सफर्डशायरच्या ईशान्य टोकाला, ब्रॅकली आणि बिस्टर या दोन बाजारगावांच्या मध्ये ज्यूनिपर हिल नावाची एक वाडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीसेक घरे आणि एक पब एवढाच तिचा पसारा होता. चर्च आणि शाळा दीड मैलावरच्या कॉटिसफर्ड या मूळ गावात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही प्रसंगी वाडीच्या माणसांना तिथेच जावे लागे. याच वाडीत ५ डिसेंबर १८७६ रोजी फ्लोरा टिम्स जन्मली. बाप गवंडी, आई लग्नाआधी दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळणारी. चौदाव्या वर्षी फ्लोरा जवळच्या फ्रिंगफर्डच्या पोस्टात कामाला लागली, पुढे पोस्टातल्याच एका कारकुनाशी लग्न करून फ्लोरा थॉम्पसन झाली आणि बोर्नमथ, लिपहूक, डार्टमथ अशा लांबच्या गावांत तिचा संसार झाला. साठी उलटल्यावर, १९३९ साली, तिचे ‘लार्क राइज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४१ आणि १९४३ मध्ये त्याचे पुढचे दोन भाग निघाले आणि १९४५ मध्ये तिन्ही एकत्र छापले गेले. पुस्तकात ज्यूनिपर हिलचे नाव लार्क राइज आहे, कॉटिसफर्डचे फोर्डलो, आणि फ्लोराचे लॉरा.

गरिबाघरच्या मुलीने आतून पाहिलेले इंग्रजी खेडे इतक्या बारकाव्यांनिशी दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते. शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंग मजुरी. प्रत्येक घरामागे एक डुक्कर, आणि त्याच्या खाण्याची उधारी चुकवण्यासाठी निम्मे डुक्कर आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेले. चंद्र वाढता असतानाच ते कापायचे, नाहीतर मांस कढईत आटते ही समजूत. सुगीनंतर बायकामुलांनी शेतात जाऊन वेचलेला सरवा, ज्याच्या पिठावर हिवाळ्यातली भाकरी चाले. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला फुलांचा हार घेऊन दारोदार फिरणारी पोरे. व्हिक्टोरियाकालीन शेतमजुरांवर लिहिणाऱ्या कितीतरी इतिहासकारांनी हे पुस्तक साक्षीदारासारखे पुढे उभे केले. त्यातूनच एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहतो. पन्नास वर्षांनंतर आठवलेले लहानपणचे गाव हे ज्ञान आहे काय? दप्तर एक सांगते आणि आठवण दुसरे, अशा वेळी खरे कोणाचे मानायचे?

इंग्लंडमधल्या खेड्याचे दप्तर पुष्कळ जुने आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये फर्मान काढले की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. १८१३पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांचे नाव, राहण्याचे ठिकाण आणि बापाचा धंदा, तर दफनाच्या नोंदीत मृताचे वय लिहिले जाऊ लागले. १८४१च्या जनगणनेपासून घरोघरच्या माणसांची नावे मिळतात. १८६०च्या दशकापासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या हेडमास्तरांना रोजकीर्द ठेवावी लागे. ज्या दिवसांत पोरे सरवा वेचायला गेल्यामुळे वर्ग ओस पडत, त्या दिवसांची नोंद अशा रोजकीर्दींत वारंवार दिसते. एकच घटना फ्लोराच्या पुस्तकात घरच्या भाकरीची तजवीज म्हणून येते आणि मास्तरांच्या वहीत गैरहजेरी म्हणून. दोन्ही नोंदी खऱ्याच आहेत.

प्रत्येक वेळी मात्र असा मेळ बसत नाही. जनगणनेची मूळ पत्रके शंभर वर्षे बंद राहतात, त्यामुळे १८८१ची पत्रके, ज्यांत चार वर्षांची फ्लोरा आहे, १९८०च्या दशकाच्या आरंभी खुली झाली. १९८५ मध्ये बार्बरा इंग्लिश या इतिहासकार बाईंनी लार्क राइज आणि ज्यूनिपर हिल शेजारी ठेवून तपासले आणि पुस्तकातले गाव दप्तरातल्या गावाशी ठिकठिकाणी जुळत नाही, त्यावर साहित्याचा हात फिरलेला आहे, असे दाखवले. पुस्तकाच्या चाहत्यांना हे रुचले नाही. पण यात लेखिकेची लबाडी शोधण्याचे कारण नाही. आठवण मुळात काय वस्तू आहे, हे आधी पाहायला हवे.

भारतीय न्यायदर्शनाची भूमिका या बाबतीत कडक आहे. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. स्मृती पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारातून उपजते, नवा अनुभव देत नाही, म्हणून ती प्रमेच्या बाहेर. ती यथार्थ असू शकते, पण तिचा खरेपणा उसना, मूळ अनुभवाकडून आलेला. जैन तर्कशास्त्रज्ञांनी याच्या उलट जाऊन स्मृतीला प्रमाणांत, म्हणजे ज्ञानाच्या साधनांत, जागा दिली. हा वाद ज्यूनिपर हिलला लावून पाहिला तर नैयायिकांची बाजू सुरुवातीला जड वाटते. चार वर्षांच्या पोरीचा मूळ अनुभवच अर्धा कळलेला, अर्धा ऐकलेला. त्यावर उभ्या राहिलेल्या आठवणीला अधिक वजन कुठून येणार?

सेंट ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या ‘कन्फेशन्स’मध्ये या अडचणीची दोन टोके पकडली आहेत. आपले अगदी तान्हेपण आपल्याला आठवत नाही, ते इतरांच्या सांगण्यावरून आणि दुसरी तान्ही मुले पाहून मानावे लागते, अशी कबुली तो पहिल्याच प्रकरणात देतो. त्या काळाला आपल्या आयुष्यात धरावे की नाही याचाही त्याला संकोच वाटतो. अकराव्या प्रकरणात काळाचा विचार करताना तो म्हणतो की त्याचे बालपण आता कुठेच नाही, पण ते आठवताना त्याची प्रतिमा मात्र वर्तमानात समोर असते. या विचाराचे परिणाम दूरवर जातात. प्रतिमा वर्तमानात असेल तर ती वर्तमानाच्या उजेडातच दिसणार. फ्लोराच्या समोरची प्रतिमा १९३०च्या दशकातली होती. लहानपणचा सोबती असलेला भाऊ पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, बेल्जियममध्ये पडलेला. वाडीतली जुनी माणसे गेलेली. घोड्यांच्या जागी मोटारी आलेल्या. तिचे १८८०च्या दशकातले गाव या सगळ्याच्या अलीकडून पाहिलेले आहे.

मानसशास्त्राने याला पुढे प्रयोगाची जोड दिली. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताखेतांची कथा वाचायला दिली आणि काही काळाने ती सांगायला लावली. सांगताना अनोळखी तपशील गळत, ओळखीचे त्यांच्या जागी येत, आणि कथा सांगणाऱ्याला पटेल अशी होऊन बसे. बार्टलेटच्या मते आठवणे म्हणजे साठवलेले काढून आणणे नसून पुन्हा रचणे आहे. तसे असेल तर ‘ही आठवण जशीच्या तशी आहे का’ हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला ठरतो.

आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाने आठवण आणि इतिहास यांच्यातली सीमा एका साध्या उदाहरणाने आखली. गेल्या आठवड्यात अमक्याला पत्र लिहिल्याचे मला आठवते, हे विधान आठवणीचे; पण त्याचे उत्तर माझ्या हातात आहे, म्हणून माझी आठवण मला फसवत नाही, हे विधान इतिहासाचे. त्याच्या मरणानंतर १९४६ मध्ये निघालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’मध्ये हे आहे. या कसोटीने लार्क राइज हा इतिहास ठरत नाही, तो ठरवण्यासाठीचा पुरावा ठरतो. कॉलिंगवुडची मांडणी स्वच्छ आहे, पण ती थोडी सोयीची आहे. आठवणीला ताडून पाहणारे ‘उत्तराचे पत्र’ नेहमी निर्दोष असते, असे ती गृहीत धरते. खेड्यातले दप्तर तसे निर्दोष नव्हते, आणि त्याच्या दोषाला धर्मशास्त्राचा आधार होता.

१६६२च्या ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’मध्ये दफनविधीच्या आरंभी एक सूचना आहे: बाप्तिस्मा न झालेल्या, बहिष्कृत केलेल्या किंवा आत्महत्या केलेल्या माणसासाठी हा विधी वापरायचा नाही. म्हणजे जन्मून दोन दिवसांत, पाणी शिंपडण्याआधीच गेलेले मूल चर्चच्या दृष्टीने पॅरिशच्या वहीत ना आले ना गेले. १८३७पासून सुरू झालेल्या सरकारी जन्ममृत्यू नोंदणीत ते सापडू शकते, चर्चच्या विधीत नाही. इंग्लंडच्या चर्चला न मानणाऱ्या मेथडिस्टांना आणि बाप्टिस्टांना गावच्या चर्चच्या आवारात आपल्या पद्धतीने माणूस पुरण्याची मुभा १८८०च्या कायद्याने मिळाली, फ्लोरा तीन वर्षांची असताना. छापील रकान्यांनी आणखी एक गाळणी लावली. बापाचा धंदा विचारला जाई, आईचा नाही. लार्क राइजमधली क्वीनी नावाची म्हातारी लेस विणते, मधमाश्या सांभाळते. तिच्यासारख्या बायकांच्या हातचे काम त्या वह्यांत शोधू गेले तर हाती काही लागत नाही.

देव कुणालाच विसरत नाही, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्याच श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या वहीतून मात्र माणसे वगळली जात. हा विरोध त्या काळच्या पाद्र्यांनाही जाचत असे, आणि विधीच्या सूचनेतून वाट काढणारे दयाळू पाद्रीही होते. तरी मुद्दा उरतो. कुणाची नोंद राहावी हे ठरवताना दप्तरही निवड करते. निवड करणे हा फक्त आठवणीचा दोष नव्हे.

बालपण हे सत्याचे स्थान आहे की भ्रमाचे, यावरही ख्रिस्ती विचारात एकमत नाही. ऑगस्टिनला तान्ह्या मुलाच्या हेव्यातही आदिपापाची खूण दिसते. त्याच्या अगदी समोर थॉमस ट्राहर्न उभा आहे. हेरफर्डच्या एका चांभाराचा हा मुलगा १६५७मध्ये जवळच्याच क्रेडनहिल खेड्याचा रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, झाला आणि १६७४मध्ये वारला. त्याची हस्तलिखिते १८९६-९७च्या हिवाळ्यात लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर कवडीमोलाने मिळाली. आधी ती दुसऱ्याच कवीची मानली गेली, मग बर्ट्रम डोबेलने ती ट्राहर्नची असल्याचे ओळखले आणि १९०३ मध्ये कविता, १९०८ मध्ये गद्य चिंतने छापली. ट्राहर्नचे म्हणणे असे की लहान मुलाला दिसलेले जग, त्यातली शेते, रस्त्यावरची धूळ आणि माणसे, हेच जगाचे खरे रूप. मालकी आणि मान शिकल्यावर ते झाकले जाते. मोठ्या माणसाने धर्माच्या वाटेने परत त्या दृष्टीकडे यायचे असते.

ट्राहर्नचा विचार मोहात पाडणारा आहे, आणि इंग्रजी खेड्याच्या आठवणींवर त्याची छाया नकळत पडलेली असते. लहानपणी शेते कुणाच्या मालकीची हे कळत नाही, म्हणून ती सर्वांची वाटतात. पण ती सर्वांची नव्हती. एखाद्या गावाबद्दलची बालपणाची आठवण गोड असते तेव्हा त्या गोडीतला किती भाग गावाचा आणि किती भाग न कळण्याचा, हे वेगळे करणे वाचकाला भाग आहे. फ्लोरा थॉम्पसनला हे भान ट्राहर्नपेक्षा जास्त होते. फोर्डलोचा रेक्टर प्रवचनात समाजाची उतरंड देवानेच घालून दिली आहे असे बजावतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मजुरीचा आकडा तिने वाचकाला आधीच सांगितलेला असतो. रविवारी संध्याकाळी एका झोपडीत मेथडिस्ट जमत, पब चालवणारे कुटुंब कॅथलिक होते. वाडीच्या धर्मजीवनाचा हा मिश्र रंग तिने टिपला आहे. एकसंध, भाविक, जुन्या काळच्या खेड्याचे जे चित्र शहरी माणसाला आवडते, ते तिने दिलेले नाही.

तिने आणखी एक गोष्ट केली, तिचे तात्त्विक मोल मोठे आहे. तिने ‘मी’ म्हटले नाही. जॉन लॉकच्या मते माणूस तोच राहतो तो आठवणीमुळे. थॉमस रीडने १७८५ मध्ये त्याला खोडा घातला, की म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, त्या तरुणाला पोरपणचा मार आठवतो, पण सेनापतीला तो मार आठवत नाही. मग सेनापती आणि ते पोर एकच की वेगळे? साठीतली फ्लोरा आणि सहा वर्षांची लॉरा यांच्यात हीच दरी आहे. प्रथमपुरुषी निवेदनाने ती बुजवल्याचा आभास झाला असता. तृतीयपुरुषी निवेदनाने ती उघडी ठेवली: त्या मुलीने पाहिले ते एक, आणि सांगणारीला आता कळते ते वेगळे. पुस्तकाला कादंबरी म्हणावे की आत्मचरित्र, या वादाला इथूनच सुरुवात झाली. पण ज्ञानाच्या दृष्टीने हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

तरीही प्रामाणिकपणा पुरेसा नसतो, कारण गावाच्या आठवणीत शेजारीही असतात. १६०४च्या चर्च-नियमांनी दहा आज्ञा प्रत्येक चर्चच्या पूर्वेकडच्या बाजूला, लोकांना दिसतील अशा लिहून ठेवायला सांगितल्या होत्या. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही त्यांतली नववी. आठवण लिहिणे ही साक्षच आहे, आणि तिचे परिणाम कधी कोर्टापर्यंत जातात. ग्लॉस्टरशायरच्या स्लॅड खोऱ्यात वाढलेल्या लॉरी लीचे ‘सायडर विथ रोझी’ १९५९ मध्ये आले. काळाने काही तपशील वाकवले असतील अशी सूचना लेखकाने आरंभीच दिलेली होती. एका पियानो कारखान्याच्या आगीबद्दलचा संशयाचा मजकूर त्यात होता. कारखानदारांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि नंतरच्या आवृत्त्यांत तो मजकूर बदलावा लागला. काळावर दोष टाकून लेखकाची सुटका झाली नाही. ती होऊही नये. जे फक्त आपल्यापुरते आहे, म्हणजे थंडीचा कडाका, आईचा आवाज, शाळेतली भीती, त्यात आठवणीला अंतिम अधिकार आहे; दुसऱ्याने काय केले हे सांगताना तिला इतर साक्षीदारांच्या रांगेत उभे राहावे लागते.

पण खोट्या विधानापेक्षा मोठी चूक वगळण्यात होऊ शकते, आणि लार्क राइजचे खरे परीक्षण इथे करायला हवे. टिम्स कुटुंबातली सहाच मुले मोठी झाली. बाकीची लहानपणीच गेली. पुस्तकातल्या घरात लॉरा आणि तिचा भाऊ एडमंड ठळक आहेत, इतर भावंडे धूसर, आणि त्या मृत्यूंचे ओझे कथेवर पडू दिलेले नाही. हे दुःख झाकण्याचा हक्क लेखिकेचा होता. त्यासाठी तिला दोष देता येत नाही.

माळाच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. ज्यूनिपर हिल ज्या माळरानावर वसली तो माळ सामायिक वापराचा होता. गरिबांनी तिथे झोपड्या उभारल्या, गुरे-कोंबड्या पाळल्या. १८५०च्या दशकात कायद्याने त्याची वाटणी होऊन तो कुंपणात गेला. वाडीच्या लोकांनी विरोध केला, काम काही काळ अडले, शेवटी तडजोड झाली. फ्लोराच्या जन्माच्या पंचवीसेक वर्षे आधीची ही गोष्ट, म्हणजे तिच्या बालपणी ती पाहिलेली माणसे वाडीत हयात असणार. पुस्तकातली म्हातारी सॅली मोकळा माळ, तिच्या बापाची गाय आणि हंस आठवते, तेव्हाचे लोक इतके गरीब नव्हते असेही तिच्या आठवणीतून समजते. पण माळ कोणी नेला आणि लोक त्याविरुद्ध कसे उभे राहिले, याचा माग पुस्तकात जवळजवळ नाही. दहा शिलिंगांची मजुरी ऋतूसारखी, कुणीही न ठरवलेली वाटते, ती त्यामुळेच. मुलांच्या कानावर ती हकीकत पडली नसेल, किंवा हरलेल्या माणसांनी ती सांगणेच सोडले असेल. ही पोकळी दप्तराने भरली. ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या मालेतल्या ऑक्सफर्डशायरच्या सहाव्या खंडात कॉटिसफर्डचा इतिहास माळाच्या वाटणीसकट आला आहे.

एका ठिकाणी आठवण आणि नोंद एकमेकींना मिळतात. ‘लार्क राइज’ कॉटिसफर्डच्या चर्चमधल्या महायुद्धाच्या स्मृतिफलकापाशी संपते. त्यावर गावातल्या अकरा मृतांची नावे आहेत, आणि पुस्तकात शेवटचे नाव एडमंडचे. फलक हे दप्तरच आहे, धातूवर कोरलेले. ते कुणाला किती आठवण आहे ते विचारत नाही. पण त्या अकरा जणांपैकी कोण सुगीत गात असे, कोण शाळेत मार खाई, हे फलकाला सांगता येत नाही. पुस्तक नसते तर ही नावे इंग्लंडच्या हजारो चर्चमधल्या नावांसारखीच राहिली असती. नैयायिकांना इथे थोडे माघारी यावे लागते. मूळ अनुभव घेणारे गेल्यावर त्या अनुभवाकडे जाण्याचा दुसरा मार्गच उरत नाही, तेव्हा उसना खरेपणाही मोलाचा ठरतो.

म्हणून अधिकारांची वाटणी अशी करावी लागते. कोण केव्हा जन्मले, मेले, जमीन कुणाकडे गेली, या प्रश्नांत आठवण आणि दप्तर यांचे पटले नाही तर दप्तराचे ऐकावे, मात्र त्या दप्तरात कुणाला जागाच नव्हती हे आधी तपासून. दिवस कसे गेले, भूक कशी होती, रेक्टरचे प्रवचन मागच्या बाकावर कसे ऐकू येई, या प्रश्नांत लॉराचा शब्द मानावा, बार्बरा इंग्लिश यांच्या तपासणीनंतरही. आणि ज्यूनिपर हिलचे लोक गरीब का होते, या प्रश्नावर ‘लार्क राइज’ ही अपुरी साक्ष आहे. त्यासाठी १८५०च्या दशकातले वाटणीचे कागद वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.